उतारा बॅगवर मोजू नका

आमच्या लातूर भागात सोयाबीनचा उतारा बियाण्याच्या बॅगवर सांगायची रीत आहे. "औंदा बॅगला आठ क्विंटल पडले" म्हटलं की पारावर सगळ्यांना कळतं. सपाट पेरणीत हे चालून जायचं, कारण 30 किलोची बॅग साधारण एकराला पुरते. गावात बीबीएफ यंत्रानं रुंद वरंब्यावर पेरणी सुरू झाली आणि हाच हिशेब अंगाशी आला.

वरंब्यावर बियाणं कमी लागतं, एकरी 22 किलोच्या आसपास. म्हणजे तीच बॅग 54 गुंठ्यांपर्यंत जाते. एकरी उतारा 8 क्विंटलच राहिला, तरी बॅगला जवळपास 11 पडल्यासारखे दिसतात. असले आकडे ऐकून माझ्या एका शेजाऱ्यानं व्याजानं पैसे काढून यंत्र घेतलं. हप्ते फेडताना त्याची झालेली ओढाताण मी जवळून पाहिली आहे. पद्धत वाईट नाही. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, पावसानं ताण दिला तर ओल टिकते, बियाणं वाचतं. पण बियाण्याची बचत वेगळी आणि उताऱ्याची वाढ वेगळी.

म्हणून पेरणीआधी टेपनं रान मोजा. सातबाऱ्यावरचा आकडा धरू नका, त्यात बांध आणि विहीरही येतात. 33 फूट बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा. त्याच रानात, त्याच वाणाचा, त्याच दिवशी पेरलेला एक पट्टा जुन्या पद्धतीचा ठेवा. गेल्या सालाशी तुलना करू नका, पाऊस दोन साल सारखा नसतो. दोन्ही राशी वेगळ्या मळा. एकदा मिसळल्या की सालभराची मेहनत वाया.

वजनासोबत ओलावाही लिहा. 18 टक्के ओलाव्याचं क्विंटलभर सोयाबीन 12 टक्क्यांवर आलं की 93 किलो भरतं. एक रास लगेच तोलली आणि दुसरी वाळवून, तर दिसणारा फरक उन्हाचा असतो, यंत्राचा नव्हे.

आणि खुरपणी. घरच्या बायका दिवस दिवस वाकून तण काढतात, पण ते कष्ट कुणाच्याच वहीत येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. कोणत्या पट्ट्यात किती जणी, किती दिवस लागल्या ते रोज लिहा, गावात चालू असलेल्या दरानं त्यांची मजुरी धरा आणि एकराला काय उरलं ते ती वजा करूनच काढा.