फड्या निवडुंग : त्याची घडण, त्याचे गुणदोष व दुष्काळांतील त्याचा उपयोग



अवर्षणाच्या सालीं माणसांसाठीं धान्य दूरच्या प्रांतांतून आणतां येतें, कारण धान्य वजनदार असून जागा थोडी अडवितें. वैरणीचें तसें नाहीं. ती हलकी व फुगीर. गाडी शिगोशीग भरते, परंतु वजन भरत नाहीं, आणि भाडें मात्र पूर्ण गाडीचें पडतें. हा हिशेब व्यापारी वर्गास आम्हीं समजावून सांगावा असें नाहीं. गांवाच्या शिवारांतच उभा राहूं शकेल असा कांहीं चारा असेल, तर दात्यांच्या एका रुपयांत अधिक गुरें जगतील, हें उघड आहे. असा एक चारा म्हणून फड्या निवडुंगाचें नांव वारंवार घेतलें जातें. कोणी त्यास कामधेनु म्हणतो, कोणी विष म्हणतो. दोन्ही मतें अर्धवट माहितीवर उभीं आहेत. म्हणून या झाडाची घडण कशी आहे, तें काय देऊं शकतें व काय देऊं शकत नाहीं, हें आम्ही येथें क्रमानें मांडीत आहों.

१. नांवाचा घोटाळा

आपल्याकडे निवडुंग हा शब्द अगदीं भिन्न अशा दोन कुळांतील झाडांस लावितात. तिधारी निवडुंग, वईचा निवडुंग व शेर हीं एका कुळांतील होत. त्यांची फांदी मोडली असतां पांढरा चीक गळतो. तो चीक डोळ्यांत गेल्यास भयंकर आग होते व पोटांत गेल्यास अपाय होतो. हीं झाडें चारा म्हणून केव्हांही घालूं नयेत.

फड्या निवडुंग याहून वेगळा. नागाच्या फडेसारखे चपटे मांसल फडे एकावर एक चढलेले असतात, आणि फडा कापला असतां दुधासारखा चीक न येतां पाण्यासारखा बुळबुळीत रस येतो. शास्त्रज्ञ यास ओपन्शिया म्हणतात. चीक पांढरा तर टाकावें, रस बुळबुळीत तर पुढें विचार करावा, एवढी एक खूण गुराख्याच्या पोरानेंही लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

२. झाडाची घडण

फडा हें या झाडाचें पान नव्हे, तें खोड होय. खरीं पानें कोंवळ्या फड्यावर बारीक शंकूसारखीं दिसतात व थोड्याच दिवसांत गळून पडतात. पानांचें काम हिरव्या खोडानेंच पत्करिलेलें आहे. फड्याच्या अंगावर उंसाच्या पेऱ्यावर असतात तसे डोळे ओळीओळीनें असतात. या डोळ्यांतूनच कांटे निघतात, यांतूनच नवा फडा फुटतो, आणि फडा मातींत पडला तर यांतूनच मुळें सुटतात. तुटलेला प्रत्येक फडा म्हणजे एक नवें झाड आहे, असें समजावें. त्याचा उपयोग व त्याचा उपद्रव हे दोन्ही याच एका गुणांतून निघाले आहेत.

कांटे दोन प्रकारचे. लांब कांटा दिसतो व टाळतां येतो. परंतु प्रत्येक डोळ्यांत बारीक कुसळांचा झुबका असतो, तो सहसा नजरेस येत नाहीं. या कुसळांस उलटे दांते असतात. कातडींत शिरलें कीं तें मागें येत नाहीं. गुरांच्या जिभेंत, हिरड्यांत व पोटांत जखमा होतात त्या लांब कांट्यांनीं आणि या कुसळांनीं मिळून.

फड्याची त्वचा जाड व मेणचट असते. आंतील गाभ्यांत मोठमोठ्या पेशी पाण्यानें व बुळबुळीत द्रव्यानें भरलेल्या असतात. ताज्या फड्याच्या शंभर भागांत सुमारें नव्वद भाग पाणी असतें. मुळें खोल जात नाहींत. तीं वरच्या थरांत दूरवर पसरतात व हलक्या सरीचें पाणीही उचलतात.

तथापि सर्वांत नवलाची गोष्ट त्याच्या श्वासोच्छ्वासाची आहे. इतर झाडें दिवसां आपलीं सूक्ष्म रंध्रें उघडतात व त्यांतून त्यांचें पाणी उन्हानें उडून जातें. निवडुंग रात्रीं गारव्यांत रंध्रें उघडतो, हवेंतून घेतलेला वायु आम्लाच्या रूपानें सांठवितो, व दिवसां रंध्रें मिटून घेऊन उन्हाच्या बळावर त्या सांठ्यांतून आपलें अन्न तयार करितो. म्हणूनच फडा पहाटे चाखला तर आंबट व सायंकाळीं चाखला तर त्याहून सौम्य लागतो. एक किलो शुष्क पदार्थ तयार करण्यास ज्वारी-मक्यासारख्या पिकास सुमारें अडीचशें ते साडेतीनशें किलो पाणी लागतें. निवडुंग तेंच काम शंभर ते दीडशें किलो पाण्यांत करितो. अवर्षणांतही तो हिरवा राहतो त्याचें कारण हें आहे.

३. मुख्य जाती

दक्षिण देशांत ज्या जाती पसरल्या त्यांपैकीं ओपन्शिया इलेशियर ही महाराष्ट्रांत विशेष आढळली. तिचे कांटे तपकिरी, सुईसारखे. फुलें पिंवळीं असून तांबूस छटेचीं. बोंडें पिकल्यावर लाल. ओपन्शिया डिलेनाय हिचे कांटे पिंवळे, कांहींसे चपटे व वांकडे, फुलें लिंबासारखीं पिंवळीं, बोंडें जांभळीं. ओपन्शिया मोनाकॅन्था हिचा फडा पातळ व चकचकीत असून डोळ्यांत बहुधा एक किंवा दोनच लांब कांटे असतात.

चौथी जात ओपन्शिया फायकस-इंडिका. नांवांत इंडिका असलें तरी ती मेक्सिकोंतील लोकांनीं पुरातन काळापासून जोपासलेली आहे. हिचें झाड पुरुषभर किंवा त्याहूनही उंच वाढतें व फडे हातभर लांब होतात. हिच्या कित्येक वाणांत लांब कांटे जवळजवळ नसतात. बिनकांट्याचा निवडुंग म्हणून ज्याची चर्चा होते तो हाच. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्था व उरुळीकांचन येथील बायफ या संस्थांनीं चाऱ्यासाठीं त्यावर काम केलें आहे.

बोंडें माणसांसही खाण्यास योग्य आहेत. मात्र कुसळें पूर्ण काढावीं, आणि बिया कठीण असल्यानें बोंडें थोडीं खावीं. उपाशी पोटीं फार खाल्लीं तर बियांचा गोळा होऊन मलावरोध होतो.

४. पूर्वेतिहास व त्यापासून घेण्याचा बोध

निवडुंगाचें मूळ घर अमेरिका खंड. १४९२ नंतर तो जगभर गेला. १७९५ सालीं ब्राझीलहून किरमिजी रंगाचा किडा म्हणून एक किडा हिंदुस्थानांत आणिला गेला. तो रंगाचा खरा किडा नव्हता, त्याचा जातभाई निघाला. त्यानें रंग कांहीं फारसा दिला नाहीं, परंतु मोनाकॅन्था जातीचा निवडुंग मात्र खाऊन टाकिला. पुढें १९२६ सालीं दुसऱ्या एका जातीचा किडा सिंहलद्वीपांतून मुद्दाम आणविण्यांत आला, व त्यानें डिलेनाय आणि इलेशियर या जातींचीं बनें थोड्याच वर्षांत झोपविलीं. वाटा अडविणारीं, सापविंचवांस आसरा देणारीं तीं बनें गेलीं याचें शेतकऱ्यांस दुःख झालें नाहीं. ऑस्ट्रेलियांत तर १९२५ च्या सुमारास सुमारें सहा कोटि एकर जमीन या झाडानें व्यापिली होती. तेथें १९२६ पासून सोडलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनीं ती मोकळी केली.

याची दुसरी बाजूही ध्यानांत ठेविली पाहिजे. मादागास्करच्या दक्षिण भागांत गुरें आणि माणसें उन्हाळाभर याच झाडावर जगत. तेथें १९२४ च्या सुमारास हा किडा सोडण्यांत आला. चार-पांच वर्षांत निवडुंग नाहींसा झाला, आणि लागोपाठ आलेल्या अवर्षणांत गुरें व माणसें मोठ्या संख्येनें मेलीं. एकाच झाडास एका देशांत उपटून टाकल्याचा आनंद झाला व दुसऱ्या देशांत त्याच्याच अभावीं प्राणहानि झाली.

यावरून आम्ही दोन नियम घेतों. पहिला, निवडुंग जेथें लावाल तेथें तो मालकाच्या ताब्यांत राहिला पाहिजे; गायरानांत, ओढ्याकांठीं अगर देवराईंत तो सोडूं नये. दुसरा, ज्याच्यावर गुरांचा जीव टांगला आहे तें पीक एकच असूं नये. ब्राझीलच्या ईशान्य प्रांतांत लाखो हेक्टरांवर चाऱ्यासाठीं निवडुंग लावतात, परंतु याच किड्यानें चालू शतकाच्या आरंभीं तेथील मोठे मळे उध्वस्त केले व शेतकऱ्यांस किड्यास दाद न देणारे वाण शोधावे लागले. फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले व ते चिरडतांच तांबडा रंग निघाला, तर तो हाच किडा समजावा आणि तेवढे फडे तत्काळ कापून जाळावे.

५. चारा म्हणून किंमत

निवडुंग म्हणजे पोटभर अन्न नव्हे. तो थोडें अन्न व पुष्कळ पाणी देतो. सुमारें सव्वातीनशें किलो वजनाच्या देशी गाईस जगण्यासाठीं दिवसास आठ किलो शुष्क अंश लागतो असें धरूं. केवळ कडब्यावर ठेवल्यास तिला सुमारें नऊ किलो कडबा हवा. तीस किलो निवडुंग दिला तर त्यांतून तीन किलो शुष्क अंश मिळतो, व साडेपांच किलो कडब्यांत बाकीचें भागतें. म्हणजे दररोज साडेतीन किलो कडबा वांचला. शंभर दिवसांत एका गाईमागें साडेतीन क्विंटल, आणि शंभर गाईंच्या छावणींत साडेतीनशें क्विंटल. शिवाय तीस किलो निवडुंगांत सत्तावीस लिटर पाणी असतें, तें टँकरनें आणावें लागत नाहीं. सुक्या वैरणींत न मिळणारें जीवनसत्त्वही या हिरव्या चाऱ्यांतून गुरांस मिळतें.

आतां उणें सांगतों. निवडुंगांत प्रथिनें फार थोडीं, कडब्यांतही थोडींच. म्हणून दोहोंच्या जोडीस पेंड व थोडें मीठ अवश्य पाहिजे. चुन्याचा अंश भरपूर, परंतु स्फुरद कमी असतें. तंतुमय भाग कमी असल्यानें नुसता निवडुंग घातला तर गुरें ढाळतात व खंगतात. ज्या छावणींत कडबा नाहीं तेथें निवडुंग वांटणें हा उपकार नव्हे.

६. घालण्याची रीत

कांटेरी जात असेल तर फडा लांब दांड्याच्या कांट्यावर धरून जाळावर किंवा गॅसच्या बर्नरवर दोन्ही अंगांनीं व कडांनीं शेकावा. लांब कांटे जळाले म्हणजे काम झालें असें समजूं नये. डोळ्यांतील कुसळें जळेपर्यंत शेकावा. फडा आंतून शिजूं देऊं नये. मग त्याचे बोटभर तुकडे करून कडब्याच्या कुट्टींत मिसळावे. पहिल्या दिवशीं चार-पांच किलोंनीं आरंभ करून आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवावें. बिनकांट्याच्या जातीसही कुसळें थोडींबहुत असतात, म्हणून हातमोज्यांवांचून कामकऱ्यांस लावूं नये.

लागवड फड्यांचीच करावी, बियांची नव्हे. बियांपासून उगवलेल्या रोपांस पुन्हां कांटे येण्याचा संभव असतो. कापलेला फडा आठ-पंधरा दिवस सावलींत ठेवून जखम सुकूं द्यावी, मग निम्मा मातींत उभा पुरावा. मुरमाड व निचऱ्याची जमीन उत्तम. पाणी धरणाऱ्या चिकण काळ्या जमिनींत तो कुजतो. कोंवळ्या लागवडीस कुंपण हवें, कारण ज्यास कांटे नाहींत त्यास शेळी सोडीत नाहीं. आज लाविला तर यंदाच्या उन्हाळ्यास त्याचा उपयोग नाहीं. कापण्याजोगा होण्यास एक-दोन वर्षें लागतात.

७. विनंती

येथेंच खरी अडचण आहे. दुष्काळ पडला म्हणजे देणग्या येतात, आणि पाऊस पडला म्हणजे आटतात. निवडुंग मात्र सुकाळांत लावावा लागतो. छप्पन्नच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळापासून १९७२ च्या दुष्काळापर्यंत व त्यानंतरही एकच गोष्ट पुनःपुन्हां दिसली. वैरण संपली कीं लहान शेतकरी आपलें जनावर बाजारांत मिळेल त्या किंमतीस विकतो, आणि पुढील वर्षीं पाऊस आला तरी रिकाम्या गोठ्यांत तो दूध कोठून आणणार ? आज नांगरटीस ट्रॅक्टर मिळतो. परंतु दोन एकरांच्या धन्याचें घर रोजच्या दुधाच्या पैशावर चालतें, आणि तें जनावर गेलें म्हणजे तो कर्जांत शिरतो.

यास्तव आमची मागणी तीन प्रकारची आहे. जमीनदारांनीं पडीक मुरमाड जमिनीचा एखादा तुकडा कुंपणासह या लागवडीस द्यावा, आणि त्यांतून निघालेले फडे आपल्या गांवच्या गरीब गुरेंवाल्यांस मोफत न्यावयास मोकळीक ठेवावी. व्यापाऱ्यांनीं कडबा व पेंड सुगीच्या दिवसांत, भाव उतरलेले असतांना, खरेदून कोठारांत ठेवावी. निवडुंगास त्यांची जोड नसेल तर वरील सारें व्यर्थ आहे. इतर दात्यांनीं बर्नर, कुट्टीयंत्रें, हातमोजे व शेकणाऱ्या मजुरांची मजुरी यांचा भार उचलावा. ही मजुरी त्याच गांवच्या निरुद्योगी हातांस मिळेल, म्हणजे एका देणगींत गुरें व माणसें दोन्ही जगतील.

निवडुंगानें दुष्काळ टळेल असें आम्ही म्हणत नाहीं. जेथें चार पेंढ्या कडबा आहे तेथें तो सहा पेंढ्यांचें काम करील, इतकेंच आम्ही म्हणतों. आणि ज्या गाईचा चारा पाऊस येण्याच्या आधीं थोडे दिवस संपतो, तिला त्या दोन पेंढ्यांचें मोल काय आहे हें आपण जाणतां.