स्वस्त जळण, महाग वाफ

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांत साइझिंगचे काम बहुतांशी मजुरीवर चालते. सूत व्यापाऱ्याचे, बीम मागवाल्याचे. खळ, वीज, मजूर आणि जळण यांचा खर्च वजा जाऊन जे उरेल ते कारखानदाराचे. मजुरीचा दर बाजार ठरवतो, विजेचा दर वीज कंपनी ठरवते. जळणाचा खर्च मात्र बराचसा कारखानदाराच्या हातात असतो. तरीही आपल्याकडे जळणाचा हिशेब एकाच प्रश्नावर संपतो: वखारीत किलोचा भाव काय?

हा प्रश्नच अपुरा आहे. कारखान्याला जळण नको असते, वाफ हवी असते. तेव्हा विचारायचे ते असे, की एक किलो वाफ कितीला पडली?

त्यासाठी थोडे गणित मांडू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. ३० अंशाच्या साध्या पाण्यापासून ७ किलो दाबाची एक किलो वाफ करायला सुमारे ६३० किलोकॅलरी लागतात. आता लाकूड घ्या. नुकते तोडलेले, निम्मे वजन पाण्याचे असलेले लाकूड भट्टीत किलोमागे १,८५० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देते, कारण आतले पाणी उकळून चिमणीवाटे घालवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. तेच लाकूड उन्हात वाळून ओल १५ टक्क्यांवर आली, की किलोला ३,५०० किलोकॅलरी मिळतात.

समजा ओले लाकूड ४ रुपये किलो आहे आणि वाळलेले ६ रुपये. लहान बॉयलरमध्ये ओल्या लाकडाच्या उष्णतेपैकी ६० टक्के आणि वाळलेल्याच्या ६५ टक्के वाफेत उतरते असे धरू. मग किलोभर ओल्या लाकडातून पावणेदोन किलो वाफ निघते, म्हणजे वाफ पडली सव्वादोन रुपये किलो. वाळलेल्या लाकडातून किलोमागे सुमारे ३.६ किलो वाफ निघते, म्हणजे दर १ रुपया ६७ पैसे. वखारीत दीडपट महाग असलेले लाकूड बॉयलरमध्ये किलो वाफेमागे ६० पैशांनी स्वस्त पडले. तासाला एक टन वाफ देणारा बॉयलर दिवसाला दहा तास पूर्ण चालला, तर हा फरक रोजचा ६,००० रुपये होतो. ओले लाकूड घेणारा काट्यावर लाकडाच्या भावाने पाणी विकत घेत असतो. पावसाळ्यात तर हे हमखास होते. पत्र्याच्या छपराखाली तीन-चार महिन्यांचे सरपण रचून ठेवण्याइतकी जागा आणि भांडवल ज्याच्याकडे आहे, त्याने आधी तेच करावे. नवीन यंत्राचा विचार नंतर.

बाकीची जळणे याच तराजूत तोलून पाहावीत. भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा, पऱ्हाटी यांच्या दाबून केलेल्या कांड्या, ज्यांना बाजारात ब्रिकेट म्हणतात, त्या कोरड्या असल्या तर ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी देतात. मालात माती किती आहे ते राखेवरून कळते. नमुन्याची गोणी जाळून राख तोलावी. भाताचा तूस ३,००० च्या वर उष्णता देतो, पण त्यात राख पाचवा हिस्सा असते आणि ती रेतीसारखी खरखरीत असल्याने नळ्या झिजवते. गॅसच्या टाकीतला एक किलो वायू सुमारे १५ किलो वाफ देतो. तो ८० रुपये किलो धरला तर वाफ पाच रुपयांच्या वर जाते. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, त्यातून वाफ निघते जेमतेम १.३ किलो. ८ रुपये युनिटने हा दर सहा रुपयांवर जातो. हे भाव उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचा भाव घालून हिशेब पुन्हा मांडावा.

याचा अर्थ गॅस निरुपयोगी असा घेऊ नये. ज्या रंगाईवाल्याला दिवसातून दोन-तीन तासच वाफ लागते, त्याला लाकडाची भट्टी पेटवून दाब चढवण्यातच तासभराचे जळण जाते. गॅसचा छोटा बॉयलर कळ दाबली की सुरू आणि काम संपले की बंद. दिवस-रात्र चालणाऱ्या साइझिंगला मात्र आजच्या घडीला कोरडे लाकूड किंवा ब्रिकेटच परवडते, असे आमचे मत आहे.

प्लास्टिक, रबर आणि चिंध्यांचा कचरा जाळणाऱ्यांविषयीही लिहिलेच पाहिजे. तो फुकटात मिळतो हे खरे. पण पीव्हीसीसारख्या प्लास्टिकच्या धुरातून आम्ल तयार होते, ते बॉयलरच्या नळ्या आणि चिमणीचा पत्रा खाऊन टाकते. त्याच धुरातील विषारी द्रव्ये शेजारच्या मोहल्ल्यातील मुलांच्या छातीत जातात. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात जळण कोणते ते लिहिलेले असते. दुसरे काही जळताना सापडले तर कारखान्याला टाळे लागू शकते. टाळे लागलेल्या दिवसांची मजुरी त्या फुकटच्या जळणाच्या किमतीत धरावी.

बॉयलर घ्यायचा तर किती मोठा?

विक्रेता म्हणतो, "शेठ, दोन टनांचाच घेऊन टाका, पुढे वाढवाल तेव्हा कामी येईल." गरजेहून मोठा बॉयलर अर्ध्या भारावर चालतो. भट्टी कधी दाबून ठेवावी लागते, कधी भडकवावी लागते, आणि जळण दोन्ही वेळा वाया जाते. गरज अशी काढावी. ताण्याचे सूत खळीच्या हौदातून निघून रोलरमध्ये पिळले जाते, तेव्हा ते आपल्या वजनाइतकी किंवा थोडी जास्त ओली खळ घेऊन येते. तासाला २०० किलो सूत जात असेल तर सिलिंडरवर २२० किलोच्या आसपास पाणी उडवायचे असते. एक किलो पाणी उडवायला साधारण दीड किलो वाफ लागते, म्हणजे ३३० किलो. खळ शिजवणे, हौद गरम ठेवणे आणि वाटेतली गळती धरून ५०० किलो पुरे. असे दोन साइझर असतील तर एक टन.

या गणितात एक फायद्याची गोष्ट दडलेली आहे. वाफेने पाणी उडवण्यापेक्षा रोलरने पिळून काढणे कितीतरी स्वस्त पडते. रोलरचे रबर झिजलेले असेल, दाब असमान असेल, तर सूत जास्त ओले निघते. सुताच्या शंभर किलोला १२० किलो ओलावा येत होता तो १०० वर आणला, तर टनभर सुतामागे २०० किलो पाणी आणि ३०० किलो वाफ वाचते. अर्थात पिळणे वाढवले की सुतावर खळ कमी राहते. ती भरून काढायला खळ तेवढी घट्ट करावी लागते, म्हणून मास्तरला बरोबर घेऊनच हा बदल करावा. सूत वाजवीपेक्षा जास्त वाळवण्याची सवयही मोडायला हवी. खडखडीत वाळलेले सूत ठिसूळ होते, खळ झडते आणि मागावर तार तुटते. जळण आपले जाते आणि शिव्या मागवाल्याच्या खाव्या लागतात.

कापड प्रक्रियेच्या कारखान्यांची गोष्ट वेगळी आहे. पॉलिस्टर कापड स्टेंटरवर पक्के करायला १८० ते २०० अंश लागतात. ७ किलो दाबाची वाफ १७० अंशांपर्यंतच जाते. तिथे गरम तेल फिरवणारा थर्मिक फ्लुइड हीटर योग्य, कारण तेल फारसा दाब न देता अडीचशे अंशांवर जाते. साइझिंगच्या सिलिंडरला एवढ्या तापमानाची गरज नाही. तिथे हा हीटर कोणी गळ्यात मारू लागला तर घेऊ नये.

गटारात जाणारा पैसा

वाफ सिलिंडरमध्ये आपली उष्णता देते आणि तिचे पाणी होते. ७ किलो दाबाच्या वाफेच्या एकूण ६६० किलोकॅलरींपैकी १७० त्या पाण्यातच राहतात. कितीतरी कारखान्यांत हे पाणी थेट गटारात सोडलेले दिसते. ते टाकीत परत आणले आणि बॉयलरला जाणारे पाणी ३० ऐवजी ८० अंशांचे झाले, तर जळण आठ टक्क्यांनी कमी लागते. पाणी दर ६ अंश गरम झाले की एक टक्का, असा ठोकताळा आहे. शिवाय हे पाणी क्षार नसलेले असते. बोअरचे जड पाणी बॉयलरमध्ये खपली धरते, आणि एक मिलिमीटर खपलीने जळण पाच ते आठ टक्क्यांनी वाढू शकते. परत आणलेले पाणी जितके जास्त, तितके मीठ सॉफ्टनरला कमी लागते. टाकी मात्र पंपापेक्षा बरीच उंच बसवावी, नाहीतर गरम पाण्याची पंपातच वाफ होऊन पंप पाणी ओढत नाही.

प्रत्येक सिलिंडरला वेगळा स्टीम ट्रॅप असावा. खर्च वाचवायला चार सिलिंडरांना एकच ट्रॅप लावतात, मग एखाद्यात पाणी साचते, तो थंड राहतो आणि मास्तर सगळ्यांचाच दाब वाढवतो. दोन इंची उघडी नळी मीटरमागे तासाला सुमारे अर्धा किलो वाफ खाते आणि वैशाखात मजुरांनाही भाजते. तीन मिलिमीटरचे एक भोक तासाला २५ ते ३० किलो वाफ सोडते. दिवसाचे सोळा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर तेवढ्या भोकातून वर्षाला तीस टनांच्या वर लाकूड जाते. नळीवर रॉकवूल आणि पत्रा चढवण्याचा खर्च यापुढे किरकोळ आहे.

हे सर्व कळायला मोजमाप हवे, आणि त्याला महागडे यंत्र लागत नाही. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या नळीवर गरम पाण्याचा साधा मीटर बसवावा आणि भट्टीत जाणारे जळण तोलावे. दिवसाअखेर पाण्याच्या किलोला जळणाच्या किलोने भागावे आणि आकडा फायरमनच्या वहीत लिहावा. साडेतीनचा तीनवर आला, की लाकूड ओले आले, नळ्यांत काजळी साचली किंवा खपली धरली, यांपैकी काहीतरी घडले आहे. चिमणीच्या बुडाशी थर्मामीटर असल्यास शोध लवकर लागतो. धूर २२ अंशांनी जास्त तापला म्हणजे सुमारे एक टक्का जळण वर गेले.

कागदपत्रांबाबत थोडेसे. १९२३ चा जुना कायदा जाऊन आता बॉयलर अधिनियम, २०२५ आला आहे. नोंदणी, ठरलेल्या मुदतीची तपासणी आणि परवानाधारक अटेंडंट या गोष्टी पूर्वीसारख्याच लागतात. २५ लिटरपेक्षा कमी पाणी मावणाऱ्या बॉयलरला यातून सूट आहे. मात्र सूट असली तरी दाब तोच असतो, तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि शुद्ध पाणी यांत तडजोड नको.

ऑर्डर देताना एक अट लेखी घालावी: अमुक ओलीच्या, अमुक जळणाच्या किलोमागे किती किलो वाफ मिळेल. पैशांचा शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्यावा, आणि चाचणीला जळण आपल्या छपराखालचे व काटा आपला वापरावा.