गाडी धुण्याचं काम आणि पुढची वाट

“पोट्टा गाड्या धुते, हे पाहुण्यायले कसं सांगू?” मुलगा वॉशिंग सेंटरवर जाऊ लागला की वऱ्हाडातल्या आईबापांच्या तोंडी हाच प्रश्न येतो. शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला. त्यांच्या वऱ्हाडात तरी सफाईची लाज वाटू नये. काम बिनधास्त सांगा; मुलगा त्यातून काय शिकतो, ते मात्र विचारा.

कसब कशात आहे?

आपली काळी माती गाडीवर वाळली की पोपडा धरते. कोरड्या फडक्याने पुसली तर रंगावर ओरखडे उठतात, म्हणून ती आधी भिजवून वरून खाली सोडवावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी काचेवर वाळलं की पांढरे डाग राहतात. जाणता कामगार भर उन्हात गाडी धुत नाही आणि धुतल्याबरोबर पाणी टिपून घेतो. प्रेशर गन फार जवळून मारली तर रेडिएटरच्या पात्या वाकतात. बेअरिंगवर मारली तर ग्रीस निघून जातं. धुताना इंजिनखाली ऑइलचा ओला डाग दिसला आणि मुलाने तो दाखवला, तर समजा, तो मेकॅनिकचं काम शिकू लागला आहे.

पुढे काय?

दहावी झाली असेल तर आयटीआयचे दोन ट्रेड जवळचे आहेत: मेकॅनिक डिझेल 1 वर्षाचा, मेकॅनिक मोटर व्हेइकल 2 वर्षांचा. ट्रकवर क्लीनर असलेल्याने 18व्या वर्षी हलक्या वाहनाचा परवाना काढावा. तो वर्षभर जुना झाला आणि वयाची 20 वर्षं भरली की मालवाहू गाडीच्या परवान्याची वाट मोकळी होते. स्वतःचं सेंटर टाकायचं तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पंप आणि व्हॅक्यूमपासून सुरुवात करता येते.

जपायचं कुठे?

ओल्या हाताने पंपाचं बटण दाबणं जिवावर बेतू शकतं, अर्थिंग हवंच. फवारणी पंप धुवायला आला तर हातमोजे घाला आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरू नका. बंद टँकरच्या आत उतरायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. सफाईचं काम कापसाच्या जिनिंगमध्ये असेल, तर 18 वर्षांखालच्या मुलाला चालू यंत्र साफ करायला लावू देऊ नका.

आईबाबांनो, एक दिवस सेंटरवर जाऊन तासभर उभे राहा. मुलाच्या पायात गमबूट आहेत का, पगार ठरल्या तारखेला होतो का, आयटीआयला जायला वेळ मिळतो का, हे मालकाला विचारा. तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तर त्याला खुशाल कामाला पाठवा.