चीन-जपानची धम्मस्थळे आणि आपले वत्सगुल्म



आपल्या समाजातील नोकरदार मंडळी, निवृत्त शिक्षक आणि काही विद्यार्थी आता चीन-जपानच्या सहलीला जाऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु परत आल्यावर "काय पाहिले?" असे विचारले, तर उंच इमारती, वेगवान गाड्या आणि एक भव्य बुद्धमूर्ती एवढ्यावरच उत्तर बहुधा संपते. वास्तविक त्या देशांतील कितीतरी धम्मस्थळांचा धागा आपल्या महाराष्ट्राशी, किंबहुना आपल्या वाशीम जिल्ह्याशी जुळतो. तो धागा माहीत असेल तरच तेथे गेल्याचे सार्थक होते. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनाही अभ्यासातून तो हाती धरता येतो.

१. सुरुवात वाशीमपासून

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. या शाखेचा राजा हरिषेण इ. स. च्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्खुसंघाला दान दिले. तसा शिलालेख त्या लेण्यातच आहे. म्हणजे जगभरचे लोक जी लेणी पाहण्यास येतात, त्यांतील काहींचे दान आपल्या जिल्ह्यात राजधानी असलेल्या राज्यातून गेलेले आहे. हे आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला सांगता आले पाहिजे.

२. शिआन आणि लोयांग

चिनी भिक्खू ह्युएन त्संग इ. स. ६२९ मध्ये स्वदेशातून निघाला आणि ६४५ मध्ये परतला. या प्रवासात तो चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळात महाराष्ट्रात आला होता. येथील लोक स्वाभिमानी असून उपकाराची जाण ठेवतात, असे त्याने लिहिले आहे. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे आणि त्याच्या दाराबाहेरील दगडी हत्तींचेही वर्णन त्याने केले आहे. हा विहार म्हणजे अजिंठा, असे विद्वान मानतात. १६ व्या लेण्याच्या पायऱ्यांजवळचे हत्ती आजही पाहता येतात.

ह्युएन त्संगाने सोबत ६५७ ग्रंथ नेले. ते सुरक्षित राहावेत म्हणून इ. स. ६५२ मध्ये आजच्या शिआन शहरात मनोरा बांधला गेला. 'मोठ्या रानहंसाचा पॅगोडा' या नावाने तो प्रसिद्ध आहे. लोयांगचे श्वेताश्व विहार हे चीनमधील पहिले विहार, इ. स. ६८ मधले, अशी परंपरा आहे. त्याच परिसरात सांचीच्या धर्तीवर भारताने उभारलेल्या विहाराचे उद्घाटन २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले.

३. दुनहुआंग

चीनच्या गान्सू प्रांतात वाळवंटाच्या काठी दुनहुआंग हे गाव आहे. तेथील लेण्यांचे काम इ. स. ३६६ मध्ये सुरू झाले आणि जवळजवळ हजार वर्षे चालले. भित्तिचित्रे आणि मूर्ती असलेली ४९२ लेणी आज शिल्लक आहेत. अजिंठ्याचा खडक काळा व टणक, म्हणून मूर्ती दगडातच कोरल्या गेल्या. दुनहुआंगचा कडा वाळू-गोट्यांचा, ठिसूळ. त्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून तेथील मूर्ती मातीच्या. भिंतींची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. आपण मातीच्या घराला भुसा मिसळून गिलावा करतो, तसा मातीचा गिलावा आणि त्यावर रंग. अशा भिंतीला पाणी, दमट हवा आणि गर्दीचा श्वासही बाधतो. म्हणून तेथे आधी नोंदणी करावी लागते, वाटाड्याबरोबरच आत जाता येते आणि आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

४. नारा आणि होर्यूजी

जपानमधील नारा येथील तोदाइजी विहारात सुमारे १५ मीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती आहे. इ. स. ७५२ मध्ये तिच्या नेत्रोन्मीलनाचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्खूच्या हस्ते झाला. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या. त्या जमलेल्या लोकांनी हाती धरल्या, म्हणजे सर्वांनी मिळून डोळे उघडले.

नाराजवळच होर्यूजी आहे. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी काही तेथे उभ्या आहेत. तेथील मुख्य मंदिरातील भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. आराई कांपो या जपानी चित्रकाराने रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. पुढे तोच होर्यूजीच्या चित्रांच्या नकला करणाऱ्यांमध्ये होता. ते काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी आग लागली आणि मूळ चित्रे होरपळली. जपानी जनतेला मोठा धक्का बसला. १९५० मध्ये सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा झाला. जळक्या भिंती त्यांनी फेकल्या नाहीत, जपून ठेवल्या. आपल्या प्रजासत्ताकदिनी, २६ जानेवारीला, तेथे दरवर्षी वारसास्थळी आग विझविण्याची कवायत होते.

५. कोयासान

वाकायामा प्रांतातील कोयासान पर्वतावर कुकाई या आचार्याने नवव्या शतकात विहार स्थापन केले. तेथील विहारांत प्रवाशांना मुक्काम करता येतो, शाकाहारी भोजन मिळते. तेथील थडग्यांवर सिद्धम् अक्षरे दिसतात. ही लिपी आपल्या ब्राह्मीच्याच कुळातली. आपल्याला विशेष अभिमान वाटावा असे हे की, १० सप्टेंबर २०१५ रोजी कोयासान विद्यापीठात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण तत्कालीन मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. ज्या वाटेने धम्म गेला, त्याच वाटेने बाबासाहेबही तेथे पोहोचले. उलट दिशेनेही माणसे आली. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई जपानमध्ये जन्मले आणि नागपूरला कर्मभूमी मानून त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले.

६. आपले कर्तव्य

या साऱ्यातून काय घ्यावयाचे? इतरांनी आपला वारसा किती जिवापाड जपला, हे पाहून आपण स्वतःकडे पाहावे. अजिंठ्याच्या भिंतीला हात लावणे, लेण्यावर नाव कोरणे, आत आरडाओरड करणे, हे वराहदेवाच्या दानाचा अपमान करण्यासारखे आहे. म्हणून विनंती अशी की, चीन-जपानला जाण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा अजिंठा शांतपणे पाहावा. सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवावे. सोबत मुलांना न्यावे आणि १६ व्या लेण्यासमोर उभे करून सांगावे, "हे आपल्या वत्सगुल्माचे दान आहे." हे ज्याला कळले, त्याला दुनहुआंग आणि होर्यूजी परके वाटणार नाहीत.

जय भीम! नमो बुद्धाय!

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न
१) वत्सगुल्म आणि अजिंठा यांचा संबंध कोणत्या पुराव्यावरून कळतो?
२) अजिंठा व दुनहुआंग येथील मूर्तींमध्ये फरक का आहे?
३) होर्यूजीच्या आगीनंतर जपानने काय केले? आपल्या गावातील जुन्या वस्तू, शिलालेख व मूर्ती यांच्यासाठी आपण काय करू शकतो?