पुरात भिजलेली चित्रे

ऑस्ट्रेलिया देशात गोरे लोक १७८८ साली वस्तीला आले. पण त्याच्या आधी हजारो वर्षांपासून तेथे आदिवासी लोक राहत आहेत. त्यांच्या पुष्कळ जमाती आहेत. त्यांपैकी गिजा लोकांची ही हकीकत आहे.

गिजा लोकांचे गाव वॉर्मुन. देशाच्या वायव्येला, एका ओढ्याकाठी ते वसले आहे. पूर्वी हे लोक गोऱ्या मालकांची गुरे राखत. मजुरी अगदी थोडी मिळे. १९६८ च्या अखेरीस गोऱ्या गुराख्यांइतकाच पगार त्यांना देणे भाग पडले. तेव्हा मालकांनी पुष्कळांना काढून टाकले. राहायचे कुठे? हळूहळू माणसे या ओढ्याकाठी जमली.

१९७९ साली गावात शाळा निघाली. वडीलधाऱ्यांचा एक आग्रह होता. पोरांनी इंग्रजी शिकावे, पण आपली भाषा आणि आपल्या गोष्टीही शिकाव्या. आता हे ज्ञान काही पुस्तकात नव्हते. ते म्हाताऱ्यांच्या तोंडी होते. मग त्यांनी फळ्यांवर चित्रे काढली, लाकडाच्या मूर्ती कोरल्या. तीच पोरांची पुस्तके झाली. रंग कसले? गेरू, पिवळी माती, पांढरी माती आणि कोळसा.

त्यांची एक गोष्ट ऐका. तिथल्या नदीत एक मोठा मासा असतो. आपल्या रायगडकडे त्याला जिताडा म्हणतात. फार पूर्वी काही बायांनी गवताचे जाळे करून हा मासा अडवला. पण तो उडी मारून निसटला. त्याचे खवले तिथे पडले, त्यांचेच हिरे झाले, असे गिजा लोक सांगतात. त्या जागी पुढे खरोखरच हिऱ्यांची मोठी खाण निघाली. डोंगर खणला गेला. २०२० साली खाण बंद झाली. डोंगर काही परत आला नाही. गोष्ट मात्र चित्रांत राहिली आहे.

मार्च २०११ मध्ये ओढ्याला मोठा पूर आला. घरे बुडाली. गावकऱ्यांना कुनुनुर्रा गावी हलवावे लागले. गावाने जपलेली चित्रे पाण्यात आणि चिखलात सापडली. भिजलेल्या चित्रांना बुरशीचे भय असते.

ही चित्रे दूर मेलबर्न शहरातील विद्यापीठात नेली. तेथे जुन्या वस्तू दुरुस्त करणारे जाणकार आहेत. पण काम सोपे नव्हते. चित्राचा रंग मातीचा आणि वर बसलेला चिखलही मातीचाच! चिखल पुसता पुसता चित्रच पुसले गेले तर?

आणखी एक अडचण होती. गिजा लोकांत कोणती गोष्ट कोणी सांगायची, याचे नियम आहेत. म्हणून जाणकारांनी वडीलधाऱ्यांना विचारून काम केले. शिकलेली माणसे म्हाताऱ्यांपाशी शिकू लागली. पुढे विद्यापीठातले विद्यार्थी गिजा लोकांच्या मुलखात जाऊन त्यांच्याकडून शिकले.

दुरुस्त झालेली चित्रे वॉर्मुनला परत आली. ती शहरातच का ठेवली नाहीत बरं? कारण ती नुसती भिंतीची शोभा नाहीत. चित्रापुढे बसून सांगणारी आजी हवी, ऐकणारं नातवंड हवं. तरच त्या चित्राचा उपयोग.

आपल्या घरीही असे ज्ञान असते. कोणते बी कधी पेरावे, कोणत्या पाल्याने ताप उतरतो, जात्यावर कोणती ओवी म्हणतात, हे आजीला ठाऊक असते. आता तुम्हांला लिहिता येते. आज रात्री तिच्यापाशी बसा. ती सांगेल ते वहीत लिहा आणि मुलांना वाचून दाखवा.

सांगा पाहू :
१. गिजा लोकांनी शाळेसाठी चित्रे का काढली?
२. चित्रांवरचा चिखल काढणे अवघड का होते?
३. तुमच्या घरातील कोणती गोष्ट लिहून ठेवावी असे तुम्हांला वाटते?