दमानं घ्या, ताई



गेल्या जूनमध्ये योग दिनाच्या निमित्ताने एका गटाच्या बैठकीत मी सगळ्यांना कपालभाती करायला लावली. मोबाईलवर व्हिडिओ लावला, आवाज मोठा केला आणि म्हटलं, "जोरात, अजून जोरात!" पाचव्या मिनिटाला एक काकू डोकं धरून भिंतीला टेकल्या. डोळ्यांपुढे अंधारी, बोटांना मुंग्या. आडवं केलं, पाणी दिलं, बरं वाटलं. मग त्या सहज बोलून गेल्या, "दोन महिने झाले, हंडा घेऊन चढ चढताना दम लागतोय. योगानं जाईल म्हणून बसले." दुसऱ्या दिवशी आशाताईंबरोबर त्या उपकेंद्रात गेल्या. हिमोग्लोबिन निघालं ७.२.

चूक माझी होती. आधी विचारायला हवं होतं, आणि मुळात मला स्वतःला नीट माहीत असायला हवं होतं. त्यानंतर वाचलं, एका जाणत्या शिक्षिकेकडे बसून शिकले. तेच आज लिहिते आहे.

प्राण म्हणजे काय?

आपल्या बोलण्यात श्वास आणि जीव वेगळे नाहीतच. घाबरलो की प्राण कंठाशी येतात, लेकरू सापडलं की जिवात जीव येतो. आणि 'दम' हा शब्द बघा. दम लागतो तोही दम, आणि "दम धर" म्हणतो तोही दमच. श्वास आणि धीर, दोन्हीला एकच शब्द!

छांदोग्य उपनिषदात एक गोष्ट आहे. वाणी, डोळे, कान, मन आणि प्राण यांच्यात भांडण लागलं, मोठं कोण? प्रजापती म्हणाले, जो निघून गेल्यावर शरीराची सगळ्यात वाईट अवस्था होईल तो मोठा. वाणी वर्षभर बाहेर राहून आली. शरीर मुक्यासारखं जगलं. डोळे गेले, कान गेले, मनही गेलं, तरी शरीर कसंबसं चाललं. मग प्राण निघायला लागला. दांडगा घोडा निघताना खुंट्याच उपटतो, तसे बाकीचे सगळे उपटून निघू लागले. तेव्हा कळलं सगळ्यांना. ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तर एक आजी म्हणाल्या, "म्हंजे घरातल्या बाईवानीच की! असते तवर दिसत न्हाई." मी हे असं कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

जुन्या ग्रंथांत प्राणाची पाच कामं सांगितली आहेत. छातीत श्वासाचं काम करतो तो प्राण. खाली ढकलण्याचं काम, म्हणजे मलमूत्र, पाळी, बाळंतपण, ते अपानाचं. बेंबीपाशी अन्न पचवतो तो समान, घशापाशी उदान, आणि अंगभर फिरतो तो व्यान. हे यंत्रात दिसत नाही. शरीर कसं चालतं हे समजून घ्यायची ती जुन्या लोकांची पद्धत होती. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही या वायूंचं मोठं वर्णन येतं. आपल्याच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रिया करताना शरीरात काय होतं ते उपकरणं लावून तपासायला घेतलं. श्रद्धा ठेवायची, पण मोजूनही बघायचं. गटाची वही लिहिणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

श्वासानं नेमकं काय होतं?

"प्राणायामानं रक्तातला ऑक्सिजन वाढतो" असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. कोरोनात बोटाला चिमटा लावायचे, आठवतं? निरोगी माणसाचा आकडा ९५ च्या वर असतोच. जोरजोरात श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. गोदाम मालानं भरलंय, पण टेम्पोच कमी आहेत, तर माल गावोगाव पोचणार कसा? काकूंचं तसंच होतं. चिमट्यात आकडा चांगला येतो आणि बाई तरी धापा टाकते. टेम्पो वाढवायला लोहाच्या गोळ्या लागतात, त्या श्वासानं वाढत नाहीत. आणि घाईघाईनं श्वास सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको इतका कमी होतो, म्हणून चक्कर आणि मुंग्या.

मग उपयोग कशाचा? सावकाश श्वासाचा. आत्ता मनगटावर नाडी धरा. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. सगळ्यांना लगेच जाणवेल असं नाही. श्वास सोडणं लांबवलं की शरीराला निरोप जातो, धोका टळला, आता निवांत हो. हप्त्याची तारीख जवळ आलीय, पोराचा फोन लागत नाही, झोप उडालीय, अशा वेळी याचा खरा उपयोग होतो. हप्ता काही फिटत नाही त्यानं, पण डोकं ठिकाणावर राहतं.

करायचं कसं?

जेवणानंतर लगेच नको. चुलीच्या धुरात तर मुळीच नको, ओट्यावर नाहीतर अंगणात बसा. पाठ ताठ, खाली बसवत नसेल तर खुर्ची चालेल. एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना पोट पुढे यायला हवं. आपल्याला पोट आत ओढून, पदर सावरून बसायची सवय, त्यामुळे पहिले दोन दिवस हेच जमत नाही. जमू द्या. मग नाकानं मनात तीन मोजेपर्यंत घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. गुदमरलं तर दोन आणि चार करा. पाच मिनिटं पुरे. सवय झाली की उजव्या-डाव्या नाकपुडीनं आलटून पालटून घ्यायचा अनुलोम-विलोम आणि भुंग्यासारखा गुणगुणता श्वास सोडायची भ्रामरी शिकू. हठयोगाच्या ग्रंथांतही म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसाच वायू हळूहळू वश करावा, नाहीतर तो करणाऱ्यालाच इजा करतो.

गरोदर असाल, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, हर्निया असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणं (कुंभक) करू नका. पाळीतही जोराचे प्रकार नकोत. बीपीची, दम्याची गोळी किंवा पंप प्राणायाम सुरू केला म्हणून बंद करायचा नाही, आणि हे मी हात जोडून सांगते.

चढ चढताना नव्यानं दम लागतोय, पायावर सूज आहे, छातीत दुखतंय, वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून खोकला जडलाय, तर आधी तपासणी. छातीत दुखत असेल तर बैठकीची वाट न बघता त्याच दिवशी जा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, गरोदरपणी निदान ११. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या माळ्यावर टाकू नका. काकूंनीही आधी तेच केलं होतं.

त्या आता बऱ्या आहेत. परवा भेटल्या तेव्हा आकडा १०.४ होता आणि मलाच म्हणाल्या, "मॅडम, यंदा जोरात नको हं."

पुढच्या मासिक बैठकीत वसुली लिहून झाल्यावर पाच मिनिटं आपण हाच सावकाश श्वास एकत्र करू. येताना मागच्या तपासणीची चिठ्ठी आणा. जिची तपासणी वर्षभरात झालीच नसेल, तिनं नाव सचिवताईंकडे द्यावं. आशाताईंना त्या दिवशी बोलावलं आहे.