मोबाईलवरील पाठ आणि गावातील श्रोतृमंडळ

खरिपाचा हंगाम जवळ आला की ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याच्या मोबाईलवर चित्रफितींचा ओघ सुरू होतो. बीजप्रक्रिया, उगवणशक्तीची तपासणी, पेरणीची खोली, बोंडअळीसाठी कामगंध सापळे असे नाना विषय त्यांत असतात. कार्यकर्ता त्या चित्रफिती गावच्या गटाकडे धाडतो, पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटतात आणि विषय शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला अशी नोंद होते. नोंद खोटी नसते, परंतु ती अपुरी असते. २०२० च्या खरिपात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी मराठवाडा व विदर्भात फार मोठ्या संख्येने आल्या आणि अनेकांवर दुबार पेरणीचा प्रसंग ओढवला. बियाणे न उगवण्यास कारणे एकाहून अधिक असतात हे खरे. तथापि गोणपाटावर शंभर दाणे ठेवून पाहण्याची साधी कृती ज्याने केली, त्यास बियाण्यातील दोष पेरणीपूर्वीच कळून येतो. ही कृती दाखविणाऱ्या चित्रफिती आज हव्या तितक्या उपलब्ध आहेत. मोबाईलवर असलेली ही कृती शेतकऱ्याच्या हातून घडावी कशी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा प्रश्न नवा नाही. मराठी मुलुखातच तो सुमारे सत्तर वर्षांपूर्वी हाताळला गेला आहे. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत असत. त्यांच्या धर्तीवर आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. प्रत्येक मंडळात वीसपर्यंत सभासद असत. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपताच रेडिओ बंद करून सभासद त्याच विषयावर आपसांत चर्चा करीत. निमंत्रक चर्चेचा अहवाल व शंका पुणे केंद्रास कळवी आणि त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केली. त्यांची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांनी मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे अशी तिन्ही प्रकारची गावे निवडून, प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर ग्रामस्थांना तेच प्रश्न विचारले. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ स्पष्ट व मोठी दिसून आली. नुसता रेडिओ असलेल्या गावांतील वाढ तिच्या मानाने थोडी होती. यंत्र दोन्ही ठिकाणी होते आणि ध्वनिक्षेपणही तेच होते. फरक होता तो कार्यक्रमानंतर होणाऱ्या बोलण्याचा आणि शंकेला उत्तर मिळण्याचा. आजच्या मोबाईल-गटाची स्थिती त्या नुसत्या रेडिओच्या गावासारखी आहे. किंबहुना काही बाबतींत ती अधिक कठीण आहे, कारण रेडिओवर निदान शुभप्रभातीचे शंभर संदेश मध्ये येत नसत.

पुढे कर्नाटकातही असाच अनुभव आला. ‘डिजिटल ग्रीन’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या कार्यात त्याच भागातील शेतकऱ्यांकडून कृती करवून घेऊन त्यांचे चित्रण केले गेले आणि गावातीलच एका व्यक्तीने ते लहान गटास दाखविले. दाखविणारी व्यक्ती जागोजागी चित्रफीत थांबवी, प्रश्न विचारी व पुढे कोण करून पाहणार याची नोंद घेई. सोळा गावांत तेरा महिने चाललेल्या चाचणीत काही पद्धतींचा अवलंब नेहमीच्या विस्तार पद्धतीपेक्षा सुमारे सात पट अधिक झाल्याचे दिसून आले. पडद्यावर आपल्यासारखाच शेतकरी, आपल्याच बोलीत, आपल्यासारख्याच जमिनीत काम करताना दिसला म्हणजे ‘हे मोठ्या बागाईतदाराचे काम’ अशी पळवाट राहात नाही.

कार्यकर्त्याच्या स्वतःच्या शिक्षणासही हेच लागू पडते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. त्यात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण देण्यात आले. ते देताना दूरचित्रवाणीच्या जोडीला रेडिओ, छापील पाठ, हाताने करावयाचे प्रयोग आणि प्रत्यक्ष जागेवर मार्गदर्शक अशी योजना होती. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. तेथील कृषि शिक्षणक्रमांतही घरी वाचावयाच्या पुस्तकांबरोबर अभ्यासकेंद्रावरील प्रात्यक्षिके आहेत. आज शासकीय सेवकांसाठी ‘आयगॉट कर्मयोगी’ या मंचावर पाठ उपलब्ध आहेत. पाठ पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळते. ही सोय उत्तम आहे. परंतु एका हाताने हजेरीपत्रक भरीत दुसऱ्या हाताने पाठ पुढे सरकविला, तर प्रमाणपत्र हाती येते आणि शेतावर गेल्यावर मात्र तोंड मिटते. यास्तव मंडल स्तरावरील मासिक बैठकीत एक पाठ सर्वांनी मिळून पाहावा आणि त्यातील कृती एकाने इतरांसमोर करून दाखवावी. अर्धा तास पुरतो.

आता गावातील काम. सोयाबीनच्या उगवणशक्तीच्या तपासणीचाच पाठ घेऊ. तो मे महिन्यात घ्यावा, म्हणजे निकाल वाईट आल्यास दुसरे बियाणे मिळविण्यास अवधी राहतो. चित्रफीत आदल्या दिवशीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवावी. ऐन बैठकीत जाळे मिळत नाही, चक्र फिरत राहते आणि मंडळी उठून जातात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. वीस माणसांनी एका मोबाईलभोवती डोकी घालण्यात अर्थ नाही. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत मोठा पडदा अथवा दूरचित्रवाणी संच असल्यास तो मागून घ्यावा. नसल्यास पाच-पाच जणांचे गट करावेत. चित्रफीत पाच-सात मिनिटांहून मोठी नसावी आणि तीत एकच कृती असावी.

बैठकीस येताना प्रत्येकाने घरच्या बियाण्याचा नमुना आणावा, असा निरोप आधीच द्यावा. नमुना पोत्याच्या तोंडाशी हाती लागेल तो नसावा. प्रत्येक पोत्यातून वर, मध्ये व तळाशी असे दाणे काढून ते एकत्र मिसळावेत. त्यांतील शंभर दाणे निवड न करता मोजून घ्यावेत. येथे चित्रफीत थांबवून विचारावे, ‘निवड का करू नये?’ टपोरे दाणे वेचून घेण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि मग कसोटी बियाण्याची न होता वेचणाऱ्याच्या नजरेची होते. स्वच्छ धुतलेल्या ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी सारख्या अंतराने मांडाव्यात, वर दुसरा ओला तुकडा घालून अलगद गुंडाळी करावी आणि ती सावलीत थंड जागी ठेवावी. गोणपाट ओलसर राहील इतपतच पाणी शिंपडावे, निथळू देऊ नये. अशा तीन गुंडाळ्या कराव्यात. दाखविणाऱ्याने एकच गुंडाळी करून थांबावे. बाकीच्या सभासदांनीच कराव्यात आणि त्या आपापल्या घरी न्याव्यात.

सहा-सात दिवसांनी दुसरी बैठक. खरा पाठ हा होय. गुंडाळ्या उलगडल्यावर मोजणी कशाची करावयाची यावर मतभेद होतात. मूळ तुटलेला, दले फुटलेली, बुरशी धरलेला कोंब काहीजण मोजतात, काहीजण वगळतात. मुळे व दले धड असलेला, सशक्त कोंबच धरावा, हे बोलून पटत नाही. दहा जणांचे कोंब शेजारी शेजारी ठेवले म्हणजे आपोआप पटते. तिन्ही गुंडाळ्यांची सरासरी ७० किंवा अधिक आल्यास एकरी ३० किलो हे नेहमीचे प्रमाण ठेवावे. ती ६५ आली तर त्याच हिशेबाने एकरी सुमारे साडेबत्तीस किलो बियाणे लागेल. ६० हून कमी आल्यास ते बियाणे पेरू नये. हा हिशेब फळ्यावर एखाद्या विद्यार्थ्याकडून करवून घ्यावा. शाळेतील मुले या कामी उत्साही असतात आणि घरी जाऊन वडिलांना त्याची आठवण देतात.

सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. पोते उंचावरून टाकल्याने किंवा पोत्यांची उंच थप्पी लावल्याने दाण्यास इजा होऊन उगवण घटते. बियाणे निवडणे, वाळविणे व घरात साठविणे ही कामे बहुतेक घरांत स्त्रिया करतात. मोबाईल मात्र पुष्कळदा पुरुषांच्या खिशात असतो. तेव्हा गटावर टाकलेली चित्रफीत ज्या हातांना हवी त्यांच्यापर्यंत जातच नाही. बचतगटाच्या बैठकीस जोडून दुपारच्या वेळी हाच पाठ स्वतंत्रपणे घ्यावा. स्त्रियांच्या बैठकीत विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात. साठवणीचे पोते कोठे ठेवावे, ओल कशी ओळखावी, उन्हात किती वाळवावे, अशा प्रश्नांची तयारी कार्यकर्त्याने आधी करून जावे.

ज्या शंकेचे उत्तर कार्यकर्त्यास ठाऊक नसेल, तीवर जागच्या जागी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ नये. ती विचारणाऱ्याच्या नावासह वहीत लिहून घ्यावी, कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा १८००-१८०-१५५१ या क्रमांकावरील किसान कॉल सेंटरकडे विचारावी आणि मिळालेले उत्तर त्या व्यक्तीच्या नावानेच गटावर ध्वनिसंदेशाद्वारे द्यावे. पुण्याच्या प्रयोगात उत्तरासाठी पुढील कार्यक्रमाची वाट पाहावी लागे. आज ते त्याच संध्याकाळी देता येते. वहीत प्रत्येक सभासदापुढे चार रकाने आखावेत : पाठ पाहिला, गुंडाळी केली, उगवण किती आली, पेरणीस एकरी किती बियाणे घेतले. पहिला रकाना भरणे सोपे आहे. चौथा भरण्यासाठी पेरणीच्या दिवसांत शेतावर एक फेरी करावी लागेल, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत पेरणी थांबली आहे की नाही, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.